न्हाणीमागचं झाड

मे महिना अर्ध्यावर आला की अंजनगावहून परतवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर संत्र्याच्या बागा आजारी दिसायला लागतात. पानं मुडपलेली, रंग उतरलेला, झाडाखाली पिवळा पाचोळा. एस्टीच्या खिडकीत बसलेला बाहेरगावचा माणूस हळहळतो, अरेरे, पाणी नाही वाटतं बिचाऱ्यांकडे. मला हसू येतं, आणि हसू आलं की लगेच स्वतःचा राग येतो. अहो, पाणी असतं! विहिरीत असतं, बोअरमध्येही थोडंफार असतं. मुद्दाम दिलेलं नसतं. मृगाचा बहार घ्यायचा असेल तर झाडाला महिना-दीड महिना कोरडं ठेवावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटतं आपण आता मरतो, आणि मग मृगाचं पाणी मुळाशी पोचलं की ते अंगावर फुलंच फुलं काढतं.

हे मला मामाजींनी शिकवलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. मी अकोल्याकडची, माहेरी शेती म्हणजे कापूस आणि हरभरा. झाडाला उपाशी ठेवून फळ घ्यायचं हा प्रकार लग्नानंतर पाहिला. पहिल्या उन्हाळ्यात मी तोंड वर करून म्हणाले होते, "हे तर छळणं झालं, मामाजी."

"छळनं नोहे वो बाई," ते म्हणाले, "परीक्षा हाय. तू मास्तरीन ना? तू नाई घेत काय पोट्ट्याईच्या परीक्षा?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे गप्प बसले. परीक्षेत नापास झालेलं पोरगं पुढच्या वर्षी पुन्हा बसतं, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

आज आमच्या शेतात संत्र्याचं एकही झाड नाही. चार-पाच वर्षं झाली. तरी मे आला की माझी झोप पहाटे मोडते, पाय आपोआप चपला शोधतात आणि मग आठवतं की कुठं जायचं नाही. मी परत आडवी होते आणि पंख्याकडे पाहत राहते.

बाग गेली त्या वर्षी बहार बदलायचं ठरलं. आमच्या बागेने जन्मभर आंबिया बहार दिला होता, म्हणजे हिवाळ्यात पाणी तोडायचं, जानेवारीत द्यायचं आणि पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी फळ काढायचं. मामाजींची ती घडी बसलेली. पण दोन-तीन वर्षं फळ नुसतं गळत होतं. पावसाळ्यात बागेत गेलं की पायाखाली लिंबाएवढी हिरवी फळं, आणि झाडावर जे राहायचं त्याला कोणी विचारत नव्हतं. अचलपूरचे सलीमभाई आमच्या बागेतलं फळ झाडावरच विकत घ्यायचे. बागेतून एक फेरी मारून किती गाड्या निघतील हे सांगणारा माणूस. त्यांनी अंगणात चहा पिता पिता सांगितलं, "भाभी, आंबिया अब कौन उठाएगा? बांगलादेश की गाडी पैले जैसी जाती नहीं, और जिधर देखो उधर आंबियाच आंबिया. मृग करो. फागुन में तुम्हाराच माल रहेंगा बाजार में."

आमचे हे लगेच कागद-पेन घेऊन बसले. किती पेट्या, कोणता महिना, कोणता बाजार. मला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं, की सलीमभाई हा चहा गावात किती घरी पिऊन आले? विचारलं नाही. त्या वर्षी पंचक्रोशीत निम्म्या बागा मृगावर गेल्या. शेतीतला निर्णय हा असा असतो. त्यात सीमेपलीकडचा देश असतो, व्यापाऱ्याचं तोंड असतं, शेजाऱ्याच्या बागेत चोरून टाकलेली नजर असते. आणि आपण म्हणायचं, मी ठरवलं!

मामाजी तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते. काचबिंदूने डोळे गेलेले, खुब्याचं हाड मोडल्यापासून ओसरीतली खाट हेच त्यांचं जग. पण हात शाबूत होता. आणि त्यांचा हात म्हणजे काय हात! लांब लांबच्या गावांहून बागवाले यायचे, धोतराच्या सोग्यात नाहीतर डब्यात बागेतलं पान घेऊन. मामाजी ते पान तळहातावर ठेवायचे, अंगठा फिरवायचे, कानाशी नेऊन हळूच दुमडायचे आणि सांगायचे, "चार दिवस थांबा," नाहीतर, "आजच पानी सोडा, घरी जाऊन चहा बी पिऊ नोका." सहसा चुकत नसत. त्यांचा हिशेब साधा होता. दुपारी उन्हाने सगळीच पानं मुडपतात, त्याचं काही नाही. रात्री झाड सावरतं. पहाटे जर पान उघडलेलं असेल तर झाडात अजून दम आहे, ताण चालू ठेवा. पण पहाटेही पान मिटलेलंच सापडलं, तर त्या दिवशी पाणी सोडायचं. आभाळाकडे पाहायचं नाही, कोणाला विचारायचं नाही.

तर माझं काम ठरलं. पहाटे बागेत जायचं, मधल्या ओळीतलं एक पान तोडून मामाजींच्या हातात आणून द्यायचं. ते विचारायचे, "पान उघडलं काय वो?" मी पान हातावर ठेवायची. ते अंगठा फिरवून म्हणायचे, "हं. थांबा मंग." मला फार आवडायचं ते. शाळेतून निवृत्त झाले होते, घरात माझ्या शब्दाला काही किंमत उरली नव्हती, आणि रोज सकाळी अर्धं मिनिट का होईना, पूर्ण बाग माझ्या हातातून त्यांच्या हातात जायची.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात जाळणारे नऊ दिवस. सकाळी नऊलाच पत्रे तडतडायला लागत. गच्चीवर कुरड्या घालाव्यात तर दुपारपर्यंत मोडून भुगा होत. मोटार बंद असल्यामुळे मळ्यात एक विचित्र शांतता होती. एरवी पाटाच्या पाण्यावर चिमण्या, साळुंक्या भांडत असायच्या, त्याही दिसेनात. मी कूलरच्या टाकीत बादली ओतायची आणि मनात म्हणायची, मेल्यांनो, आपण गार वाऱ्याला झोपतो आणि ती तिकडे उभी आहेत. तरी बादली ओतायचीच. शेवटी देह आहे, कोणाला चुकला?

मृग निघाला तो कोरडाच. मोबाईलवर ह्यांना रोज ढगाचं चित्र दिसायचं, चार दिवसांनी पाऊस. चार दिवस गेले की पुन्हा ढग, पुन्हा चार दिवसांनी. विहिरीत पाणी होतं, पण सगळ्या बागेला धड दोनदा पुरेल एवढंही नव्हतं. आणि एकदा ताण तोडला की मागं फिरता येत नाही, पाणी लागोपाठ द्यावं लागतं, नाहीतर आलेलं फूल गळून पडतं. म्हणजे विहीर उपसून टाकली आणि पाऊस लांबला तर बहार गेला. विहीर राखली आणि पाऊस लांबला तर झाड गेलं. ह्यांनी चार रात्री हाच पाढा म्हटला. अर्ध्या बागेला पाणी द्यावं आणि अर्धी सोडावी असंही एकदा निघालं. पण कोणती अर्धी? 

त्याच दिवसांत मामाजींना ताप आला. छाती भरली, खोकून खोकून जीव अर्धा झाला. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, जिवाला घोर लागेल असं काही कानावर घालू नका. तीन दिवस अन्नाला शिवले नव्हते. पेज दिली तरी तोंड फिरवायचे.

चौथ्या पहाटे मी बागेत गेले. उजाडत होतं, अंगाला थोडा गारवा लागत होता, आणि मधल्या ओळीत पानं मिटलेली होती. मी पुढच्या ओळीत गेले, तिच्या पुढच्या ओळीत गेले. सगळीकडे तेच. एक पान तोडलं तर हातात कागदासारखं वाजलं. मी तिथंच उभी राहिले.  हे पान आता त्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवायचं? ठेवलं असतं तर ते खाटेवरून उठायला लागले असते. पडले असते, मोडले असते. मला खोकल्याचा तो आवाज ऐकू आला.

आमच्या न्हाणीच्या मागे संत्र्याचं एक झाड होतं. लावलेलं नव्हतं, कोणीतरी थुंकलेल्या बीतून आलेलं. आंघोळीचं, कपड्यांचं सगळं पाणी त्याच्याकडे जायचं, म्हणून ते बारा महिने हिरवंगार. त्याला ना बहार ना ताण. मी घरी येताना त्याचं एक पान तोडलं, पदराला पुसलं आणि मामाजींच्या हातावर ठेवलं.

त्यांनी अंगठा फिरवला. कानाशी नेलं, दुमडलं. चेहरा उजळला. "अरे बाप्पा! गडी तर ताजा हाय अजून. पाह्य, मी म्हन्लं नोहतं, बुढी झाडं हायेत, मुळं खोल गेलेली हायेत. थांबा मंग, काई घाई नाई." आणि त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर खाल्ली, वरणात कुस्करून. मला रडू आलं. मी माझ्या मनाला सांगितलं, एक दिवस. फक्त आजचा एक दिवस.

सकाळी आमचे हे बागेतून आले, ओसरीवर बसून पायातले जोडे काढता काढता विचारलं, "बाबा काय म्हन्तात?"

"थांबा म्हणतात."

"मंग थांबू," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आत्ता बागेतून आला, ह्याला डोळे आहेत. ह्याने पाहिलंच असेल. तरी थांबू म्हणतो आहे, म्हणजे ह्याचा काहीतरी विचार असेल. पुरुष माणसाचा विचार, जन्मभर बाग केलेल्याचा. मी कोण, अकोल्याची कापूसवाली. मी चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या पहाटे मी बागेत गेलेच नाही. सरळ न्हाणीमागे गेले. तिसऱ्या पहाटेही. खोटं बोलायला पहिल्या दिवशी जेवढा धीर लागतो तेवढा नंतर लागत नाही. सहाव्या दिवशी मामाजी उशीला टेकून बसले होते, ताप उतरला होता, आवाजात जुना कडकपणा आला होता. पान हातात धरून म्हणाले, "सांग त्याले, दहा-बारा रोज फिकर नाई. बिनधास्त राहा म्हणा." मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं.

पाऊस त्यानंतर बाराव्या दिवशी आला. भरपूर आला. गावात लोक दारात उभे राहून हसत होते, आमचे हेही हसले. मग आम्ही वाट पाहत बसलो. संत्रा फुलला की मळ्यात शिरता येत नाही असा वास सुटतो, गोडसर, डोकं जड करणारा. घरातल्या पाण्याला येतो, कपड्यांना येतो. मामाजी संध्याकाळी बागेकडे तोंड करून बसायला लागले.

"वास काहून नाई येत वो?"

"वारा तिकडचा आहे, मामाजी."

पंधरा दिवस मी वारा तिकडचाच ठेवला. मग त्यांनी विचारणं सोडलं.

झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली. काहींना बुडातून थोडी पालवी फुटली, कळी मात्र कुठंच नाही. पुढे पावसाची झड लागली तेव्हा अशक्त झालेल्या खोडांना डिंक सुटला, मुळं कुजली. कृषी विद्यापीठातून एक भला माणूस येऊन पाहून गेला. त्याने साल खरवडून दाखवली, आतून तपकिरी. म्हणाला, ताण फार लांबला. कोणी लांबवला असं त्याने विचारलं नाही. सलीमभाई आले, बांधावरच उभे राहिले. मी चहाचं विचारलं तर म्हणाले, "आज चाय नको, भाभी," आणि बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे होते.

मग गावात बोलणं सुरू झालं. आमच्या ह्यांनीच सुरू केलं, त्यांनाही काहीतरी सांगायला हवं होतं. पारावर कोणी विचारलं की म्हणायचे, "बाबाचा हात गेला होता. आपल्याले समजलं नाई." लोक च्‌ च्‌ करायचे. म्हातारपण म्हणायचे. हे सगळं ओसरीतल्या खाटेवर ऐकू जायचं. डोळे गेलेल्या माणसाचे कान किती तिखट असतात ते आम्हाला माहीत होतं, तरी कोणी आवाज खाली करत नव्हतं.

पथ्रोटकडचे एक गृहस्थ यायचे दरवर्षी, ते त्या हिवाळ्यातही आले. आंबियासाठी ताण दिला होता, तोडायचा कधी एवढंच विचारायचं होतं. डब्यातून पान काढून त्यांनी मामाजींच्या हातावर ठेवलं. मी चहा घेऊन दारात उभी होते. मामाजींनी अंगठा फिरवला नाही. ते पान तसंच थोडा वेळ हातावर राहू दिलं आणि मग चाचपडत त्या गृहस्थांचा हात शोधून त्यात परत ठेवलं.

"मले नाई समजत आता," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाले इचार बाप्पा. माह्या सांगन्यानं माह्या पोराची बाग गेली."

तेव्हा बोलायचं होतं. ट्रे खाली ठेवायचा आणि बोलायचं, एवढंच होतं. मामाजी, तुमचा हात चुकला नाही, पान खोटं होतं. दहा शब्दसुद्धा नाहीत. मी कपात साखर घातली की नाही ते आठवत उभी राहिले. पथ्रोटच्या गृहस्थांनी मान खाली घालून चहा घेतला. पुन्हा कोणी पान घेऊन आमच्या दारी आलं नाही. मामाजी त्याच हिवाळ्यात गेले, संक्रांतीच्या आधी. शेवटचे काही दिवस ते हात पांघरुणाच्या आतच ठेवायचे, थंडी नसली तरी.

उन्हाळ्यात जेसीबी आला. एक झाड उपटायला त्याला एक मिनिटही लागत नव्हतं. मूळ सुटताना मातीतून येणारा तो आवाज मी स्वयंपाकघरात कुकर लावून झाकायचा प्रयत्न केला. संध्याकाळी ड्रायव्हरने दारात येऊन विचारलं, "बाई, न्हानीच्या मांगचं एक हाय, हिरवं हाय. ठेवू काय?" मी म्हणाले, "काढ." आमचे हे बाजूलाच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरपणाच्या गाडीकडे वळले. सरपणाची गाडी भरून गेली. त्यानंतर ते शेत मी नीट पाहिलंच नाही. एक वर्ष सोयाबीन, एक वर्ष कापूस, एक वर्ष काहीच नाही. शेजारी पुन्हा संत्रा लावतात, काही उपटतात, काही दोन्ही करतात. लावणाऱ्याला विचारलं का, तर म्हणतो बाकीच्यांनी उपटला. उपटणाराही तेच सांगतो, उलट्या बाजूने.

गेल्या आठवड्यात सलीमभाईंच्या मुलाचा फोन आला होता. गावात मृगाच्या बागा कोणाकडे आहेत ते विचारत होता. हे फोन ठेवून म्हणाले, "बाबाचा हात नसता चुकला, तं आपन बी आज मृगाचाच बहार घेतला असता." सवयीने म्हणाले. त्या वाक्यात आता रागही राहिलेला नाही. आणि मला काय झालं कोणास ठाऊक, हातातला निवडायचा तांदूळ बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हात नव्हता चुकला."

सगळं सांगितलं. ताप, पहाट, न्हाणी, पान, सहा दिवस. मला वाटलं हे ओरडतील. ओरडावं असंच वाटत होतं. चाळीस वर्षांत कधी अंगावर हात टाकला नाही, पण त्या दिवशी टाकला असता तरी मी काही म्हटलं नसतं.

 हे जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले दिसत होतं."

"काय?"

"पानं. मी रोज जात होतो ना बागेत. तू परत आली का मंग जात होतो, ऊन चढाच्या पह्यले. मिटेल होते सारे. मले पह्यल्या दिवशीच दिसलं." त्यांचा आवाज सपाट होता. "बाबा थांबा म्हन्ले. मले बरं वाटलं. पानी सोडलं अन् पाऊस नाई आला, तं मीच खराब केली बाग असं झालं असतं. बाबा थांबा म्हन्ले तं मंग माह्यावर काई नाई."

म्हणजे तिघं होतो घरात. एकाला दिसत नव्हतं, दोघांना दिसत होतं, आणि ज्याला दिसत नव्हतं त्याच्यावर आम्ही दोघांनी बाग टाकली. नंतर तिचं मरणही त्याच्याच नावावर टाकलं. मला ह्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी सगळा वापरून टाकला होता, स्वतःवर. आम्ही दोघं ओसरीत बसून होतो आणि एकमेकांना द्यायला कोणाकडेच काही नव्हतं, शिव्यासुद्धा.

दोन दिवसांनी पाऊस झाला, शेताला पेरणीजोगा वाफसा आला. हे सकाळी तालुक्याला बियाणं आणायला निघाले, गाडीला किक मारली, बंद केली आणि परत येऊन दारात उभे राहिले.

"तूर आनू का सोयाबीन?"

"तुम्हीच ठरवा."

"नाई, तू सांग."

"मला काय कळतं त्यातलं?"

 ह्यांनी गाडीची चावी खुंटीला अडकवली आणि मामाजींच्या खाटेवर जाऊन बसले. आज पाचवा दिवस आहे. शेजाऱ्यांच्या पेरण्या आटोपल्या.